पोटमाळ्याची किंमत

गेल्या रविवारी खराडीला भाच्याकडे गेलो होतो. तो आयटी पार्कात नोकरी करतो आणि पलीकडच्याच एका सोसायटीत भाड्याने राहतो. चहा झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. "मामू, हे बघा. मुंबईत घर. खराडीतल्या टू बीएचकेपेक्षा स्वस्त!" जाहिरात होती दक्षिण मुंबईतल्या 'हेरिटेज' इमारतीतल्या 'वन बेडरूम लॉफ्ट अपार्टमेंट'ची. फोटोत उंच छत, सागवानी तुळया आणि वर जाणारा लाकडी जिना. अगदी खाली, बारीक अक्षरांत एक शब्द होता: पागडी.

भाच्याला लॉफ्ट ठाऊक होता, पागडी ठाऊक नव्हती. माझे उलटे. लॉफ्ट म्हणजे आपला पोटमाळा, हे लक्षात यायला मला क्षणभर लागला.

माझ्या नानांची मुंबईत एक खोली होती. छत उंच, म्हणून निम्म्या खोलीवर फळ्या टाकून पोटमाळा केलेला. खाली नाना-नानी, वर मुले. पाहुणे आले की मुले गॅलरीत आणि पाहुणे वर. त्या काळी या व्यवस्थेला कोणी लॉफ्ट म्हटले असते तर नानी हसली असती.

इथे माझ्यातला भाषेचा मास्तर गप्प बसत नाही. 'माळा' हा मराठी शब्द मुंबईच्या उर्दूने घेतला आणि तिथला माणूस सर्रास 'तीन माले की बिल्डिंग' म्हणतो. उलट मराठीतला 'मजला' अरबी 'मंज़िल'च्या घरातला. घराच्या कागदांतही तेच. खरेदीखत, दस्त, हक्क, कब्जा, मालक, वारस हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि सातबाऱ्याशेजारी निवांत बसले. 'पागडी' मात्र डोक्यावरची. मान म्हणून द्यायची रक्कम, असा त्यातला भाव. प्रत्यक्षात त्यात मान कमी आणि नाइलाज जास्त.

लॉफ्टला प्रतिष्ठा मिळाली ती न्यू यॉर्कमध्ये. तिथल्या सोहो भागात बिडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींतले कारखाने बंद पडत गेले आणि 1960 च्या दशकात गरीब चित्रकार त्या रिकाम्या दालनांत बेकायदा राहू लागले. 1971 मध्ये महापालिकेने कलावंतांपुरती परवानगी दिली. पुढे श्रीमंत आले आणि चित्रकारांना ते भाडे परवडेना.

बिडाच्या सांगाड्याची तशीच एक इमारत मुंबईत काळा घोड्याला आहे, वॉटसन्स हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश याने आराखडा केला, सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतले गेले, जहाजाने आले आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडले गेले. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. पुढे हॉटेल बंद पडले, मोठ्या दालनांत फळ्या ठोकून लहान खोल्या झाल्या. कोर्ट जवळ म्हणून वकिलांची कार्यालये आली, काही कुटुंबेही राहू लागली. नाव झाले एस्प्लनेड मॅन्शन. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एक जण दगावला. 2019 मध्ये उरलेल्या भाडेकरूंनाही बाहेर काढावे लागले.

इमारत इतकी मोलाची, मग ती डागडुजीविना का राहिली? त्याचे उत्तर भाड्यात आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकले. फाळणी, निर्वासित, युद्धानंतरची टंचाई. तेव्हा तो कायदा गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर होता, आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण महागाई धावत राहिली आणि भाडे जागेवरच थांबले. भाड्यातून चुन्याचा खर्च निघेना तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. खोली हातबदल होताना तो आपला हिस्सा रोखीने घेऊ लागला, साधारण तिसरा भाग. कायद्याने ही पागडी गुन्हा होती, व्यवहारात रीत. 1999 च्या नव्या कायद्याने, म्हणजे 31 मार्च 2000 पासून, तिला उघड मान्यता मिळाली.

दुरुस्तीसाठी सरकारने 1969 मध्ये उपकर लावून मंडळ नेमले. तरी इमारती पडतच राहिल्या. भेंडी बाजारात 31 ऑगस्ट 2017 रोजी हुसैनी इमारत कोसळून 33 माणसे गेली. तिथे बोहरा समाजाच्या ट्रस्टने 2009 पासून जुन्या इमारती उतरवून नव्या बांधण्याचे मोठे काम घेतले आहे, आणि ही इमारतही त्यातच होती. काम तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती पडली.

पुण्याची वाट वेगळी. इथे वाड्यांतले बिऱ्हाडकरू होते. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कित्येक वाडे नेले. त्यानंतरच्या दोन दशकांत लोक सहकारी सोसायट्या आणि मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळले. 1963 आणि 1970 च्या कायद्यांनी त्या मालकीला आकार दिला. खराडीतला फ्लॅट त्याच परंपरेतला. त्याला तुळया नाहीत, पण खरेदीखत आहे.

भाचा म्हणाला, "म्हणजे पागडीत घर आपले नसतेच?"

नसते. भाडेकरूपण आपले असते. आणि ते वाटले जात नाही, ही खरी मेख. भाडेकरू वारला की हक्क त्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असे कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार होतो. मृत्युपत्रानेही तो देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितले. आपल्याकडे मुलीचा वाटा ठरलेला, भावाच्या निम्मा, पण ठरलेला. नानांच्या खोलीत मात्र तो लागू करायला जागाच नव्हती. त्यांच्यामागे मोठे मामू तिथे राहत होते, म्हणून पावती त्यांच्या नावावर झाली. अम्मी पुण्यात सासरी होती.

मामूंनी 2004 मध्ये खोली सोडली. मालकाचा हिस्सा गेल्यावर उरलेली रक्कम त्यांनी मुलाच्या घरात घातली. अम्मीला कोणी विचारले नाही, तिनेही तोंड उघडले नाही. इतर घरांत बहिणीकडून निदान हक्कसोडपत्रावर सही घेतात. तिच्या वाट्याला तेवढाही कागद आला नाही, कारण सोडायला नावावर काही नव्हतेच. मामू वाईट माणूस नव्हते. कायद्याने खोली माझी, असे ते म्हणायचे, आणि कायद्याने ते खरे होते. पण खोली विकून आलेला पैसा? तो कोणाचा, हे त्यांनी कधी कोणाला विचारले नाही आणि मीही तेव्हा विचारले नाही. मी तेव्हा बीएड होऊन नोकरीला लागलेला, विचारता आले असते.

भाच्याला मी सांगितले, घ्यायचेच असेल तर आधी भाडेपावती कोणाच्या नावे आहे ते बघ, मालकाची लेखी संमती माग, इमारत उपकराची आहे का आणि तिला धोकादायक म्हणून नोटीस लागली आहे का ते मंडळात जाऊन विचार. आणि विकणाऱ्याला बहिणी किती, तेही विचार. तो हसला. मी हसलो नाही.

संध्याकाळी घरी येऊन तो फोटो अम्मीला दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "जिना चुकीच्या बाजूला लावलाय. उतरताना तुळई कपाळाला लागेल."