राघोबादादांना माफ करायला हवं होतं का?

ऊर्जानगरहून आम्ही बचतगटाच्या सहयोगिनी बोलतो आहोत. आज विषय इतिहासाचा आहे, पण सुचला तो आमच्या गटाच्या सभेत.

आमच्याकडच्या एका गटात जुन्या अध्यक्षताईंनी गटाच्या पैशांतले 14 हजार रुपये परस्पर वापरले. मुलाच्या दवाखान्यासाठी, असं त्या म्हणतात, आणि ते खोटं नसावं. त्यांना काढून नवी अध्यक्ष निवडली. आता नवी अध्यक्ष म्हणते, "जाऊ द्या ना बाई, माफ करून टाकू, रोज नळावर तोंड पाहायचं आहे." निम्म्या बायांनी मान डोलावली, निम्म्या उठून गेल्या. तेव्हा आमच्यातल्या इतिहास घेऊन बीए झालेलीला राघोबादादा आठवले.

आधी थोडं मागे जाऊ. माधवराव पेशवे आणि त्यांचे काका रघुनाथराव यांचं गादीवरून भांडण जुनं होतं. 1768 मध्ये धोडपला लढाई झाली, काका हरले आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. काकांना साथ दिली म्हणून नागपूरकर जानोजी भोसल्यांवर पेशव्यांची फौज चालून आली आणि 1769 मध्ये ती आपल्या चांद्यापर्यंत पोचली. म्हणजे पुण्याच्या एका घरातल्या भांडणाची झळ इथल्या कास्तकारालाही लागली. घरातलं भांडण घरातच मिटवू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माधवराव क्षयानं खंगले. 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले. जाण्याआधी त्यांनी काकांशी समेट केला आणि धाकटा भाऊ नारायणराव त्यांच्या हाती सोपवला. आजारी माणसाचं मन, मागे राहणाऱ्या पोराची काळजी, ते आम्हाला समजतं. पण त्या माफीत हिशेब नव्हता, अट नव्हती, काका पालटले आहेत की नाही याची पारखही नव्हती. पुढे काका आणि पुतण्याचं पुन्हा बिनसलं, काका पुन्हा नजरकैदेत गेले. वर्षही झालं नाही, तोच 30 ऑगस्ट 1773 ला भर वाड्यात गारद्यांनी नारायणरावाला कापून काढलं. वय अवघं अठरा. पेशवे झाले रघुनाथराव.

इथे एक सांगायलाच हवं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कागदाचा खात्रीचा पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षं शिव्या खाते ती बाईच.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुनाचा दोष खुद्द गादीवर बसलेल्या पेशव्यावर ठेवला. देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुण्यातून निघून गेले, असं परंपरा सांगते. मारेकऱ्यांच्या म्होरक्यांतले काही पुढे पकडून मारले गेले. पण राघोबादादा न्यायासमोर कधीच उभे राहिले नाहीत.

नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणवीस आणि त्यांच्या साथीदारांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेलं आणि 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले. राघोबादादांची पेशवाई गेली. मग त्यांनी काय केलं? 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून परक्याची फौज आपल्याच राज्यावर आणली. 1779 मध्ये वडगावला इंग्रज हरले, दादा महादजी शिंद्यांच्या हाती आले, आणि झाशीकडे नेत असताना वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. 1782 मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा कुठे हे थांबलं. इंग्रजांनी त्यांची बाजू सोडायची, दादांनी पसंतीच्या जागी राहायचं, आणि त्यांना महिना 25 हजार रुपये मिळायचे. ते कोपरगावला गोदावरीकाठी राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात वारले.

महिना 25 हजार, त्या काळात! सभेत हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाली, "मारलं पोर आणि पेन्शन कशाची जी?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. नानांची बाजू अशी की सात वर्षांच्या लढाईनं राज्य थकलं होतं, म्हातारा माणूस एका जागी बसला तर हजारो घरं वाचतात. ते आम्हाला पटतं. पण मग ती माफी नव्हे, तो सौदा आहे, आणि त्याला सौदाच म्हणावं. माफी द्यायचा पहिला हक्क गंगाबाईचा होता. ती 1777 मध्येच वारली होती, तिला विचारायचं राहूनच गेलं.

बाहेरच्या जगातही असं झालं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 9 ऑगस्ट 1974 ला पद सोडलं. महिनाभरात, 8 सप्टेंबरला, त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली. खटला उभाच राहिला नाही. देशाची जखम भरावी म्हणून केलं असं फोर्ड म्हणाले, पण 1976 ची निवडणूक ते हरले. आपल्या राज्यघटनेच्या 72 व्या कलमात राष्ट्रपतींना माफीचा अधिकार आहे, पण तो दोषी ठरलेल्या माणसासाठी. आधी दोष ठरला पाहिजे. आम्हाला हीच रीत बरी वाटते.

एका गोष्टीत मात्र नानांचं चुकलंच, असं आमचं मत आहे. दादा गेले तरी आनंदीबाई आणि पोरं पहाऱ्यातच राहिली. बाजीराव बंदोबस्तात वाढला, आणि 1796 मध्ये तोच पेशवा झाला. 1802 मध्ये त्यानं वसईला इंग्रजांशी तह केला, 1818 मध्ये राज्य गेलं. सगळं त्या कैदेमुळे झालं असं म्हणणं घाईचं होईल. पण बापाचा दोष पोराच्या माथी मारून त्याच्याकडून भरवशाची अपेक्षा कशी करायची?

तर आमच्या गटात असं ठरलं. ताईंच्या मुलीला शिलाईच्या वर्गातून काढायचं नाही, हे सगळ्यांनी एका आवाजात मान्य केलं. ताईंनी नोंदवही सगळ्यांसमोर स्वतः वाचायची, कुणाचे किती ते नाव घेऊन सांगायचं. मागच्या मंगळवारी समाजमंदिरात त्यांनी ती वाचली. चौथ्या नावाला आवाज बसला, पाणी प्यायल्या, पुन्हा वाचलं. पैसे महिना हजारानं परत येणार आहेत. माफीचं मात्र अजून ठरलेलं नाही. ज्या दोघींच्या कर्जाचे पैसे त्यात अडकले होते, त्यांना आम्ही आधी विचारणार आहोत. त्यातली एक अजून सभेला येत नाही. उद्या तिच्या घरी जायचं आहे.