आमच्या सालाची बाटली

हॉटेलातलं मेनूकार्ड उजवीकडून वाचायचं, ही आमच्या घराण्याची रीत. म्हणजे आधी किंमत, मग पदार्थ. किंमत झेपली तरच पदार्थाचं नाव वाचण्याचे कष्ट घ्यायचे. परळच्या इराण्याकडे ही रीत कधी अडली नाही. अडली ती २०२२ साली, मॉन्टे कार्लोत.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फ्रान्सला. “बाबा, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस काय रोज येतो?” असं म्हणून त्यानं आम्हां उभयतांना कसिनोजवळच्या एका बड्या रेस्तराँत नेऊन बसवलं. काळ्या कोटातले एक भारदस्त गृहस्थ आले. मी उठून नमस्कारच करणार होतो, पण ते वाइन वाढणारे निघाले. त्यांनी माझ्या हातात पोथीएवढा जाड ग्रंथ ठेवला. त्यात खाण्याचा पदार्थ एकही नाही. नुसती गावं, द्राक्षमळे, सालं आणि उजवीकडे युरो!

कारकुनीत जन्म गेलेला माणूस मी. चष्मा पुसला आणि खतावणी तपासावी तसा ग्रंथ तपासायला घेतला.

आता या उघड्या खडकावर एवढी वाइन आली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. मांतों आणि रोकब्रून ही मोनाकोची दोन गावं १८४८ सालीच बंड करून निसटली होती. १८६१ साली राजा तिसऱ्या चार्ल्सनं ४० लाख फ्रँक घेऊन त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला सोडला. लिंबं आणि ऑलिव्हचं उत्पन्न गेलं, उरला खडक. मग अडल्या हरीनं जर्मनीत होम्बुर्गला जुगाराचा अड्डा भरभराटीला आणणाऱ्या फ्रान्स्वा ब्लांचे पाय धरले. १८६३ पासून ब्लांनी कारभार हाती घेतला, १८६४ साली ओतेल द पारी उघडलं, १८६६ साली टेकडीला राजाचं नाव मिळालं, १८६८ साली रेल्वे आली आणि १८६९ साली प्रजेचा करच माफ झाला! बरं, त्या प्रजेला मात्र कसिनोत खेळायला बंदी. घरच्या हलवायानं मिठाई चाखायची नाही, हा धंद्यातला जुना नियम राजालाही ठाऊक होता.

ओतेल द पारीचं वाइनचं तळघर १८७४ सालचं. त्याचं श्रेय ब्लांच्या पत्नीला, मारी ब्लांना देतात. बाई हिशेबी असणार. जुगारात जिंकलेला आनंदानं पितो, हरलेला दुःखानं. बाटली दोघांच्याही नावावर फुटते. दुसऱ्या महायुद्धात याच तळघरात उत्तमोत्तम बाटल्या भिंत रचून तिच्यामागे दडवल्या होत्या. १९७६ साली राजे रेनिए आणि ग्रेस केली यांनी लग्नाचा विसावा वाढदिवस तिथेच साजरा केला.

“म्हणजे राणीसुद्धा तळघरातच?” सौ. म्हणाली. आम्ही १९८२ पासून चाळीत काढलेली वर्षं तिला एकदम सुसह्य वाटली असावीत.

ग्रंथाचं बोर्दोचं पान उघडलं. तिथल्या वाइनची प्रतवारी १८५५ सालची, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केलेली. आणि कसोटी मुख्यतः कोणती? तर बाजारात मिळणारी किंमत! म्हणजे मंडळी, बोर्दोचे दलालसुद्धा उजवीकडूनच वाचत होते. मला फार धीर आला. त्यानंतर पहिल्या वर्गात बढती मिळाली ती एकट्या मूतों रोथशिल्डला, १९७३ साली. एकशे अठरा वर्षांनी! आमच्या हेडक्लार्कांनी उगीच तक्रार केली.

तेवढ्यात सौ.चं बोट एका ओळीवर थांबलं. साल १९८२. पुढे चार आकडी युरो.

“ही एवढी महाग का?”

मुलानं त्या गृहस्थांना विचारून सांगितलं, की १९८२ साली बोर्दोत ऊन असं पडलं, की तशी द्राक्षं क्वचित पिकतात. फार भाग्याचं साल.

आम्ही दोघं गप्प झालो. त्या साली १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली. मी गिरणीच्या कचेरीत. आमचाही पगार लटकला. मे महिन्यात लग्न. जेवणावळीला पैसे नव्हते. सौ.च्या वडिलांनी पाहुण्यांना पन्हं दिलं आणि हात जोडले. एका काकांनी दोन पेले मागून घेतले, तर वडिलांचा चेहरा उतरला. पातेल्याचा तळ दिसत होता. ते पन्हं सौ.नं स्वतः पहाटे उठून केलेलं. नवरीनं!

“घेऊ या का, आई? तुमच्या सालाची आहे,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच तयारी होती.

सौ.नं ग्रंथ मिटला. “आमच्या सालाचं आम्ही तेव्हाच प्यायलो रे,” ती म्हणाली. “तू तुझे पैसे ठेव.”

शेवटी शेजारच्या नीसमागच्या टेकड्यांवरची बेले नावाची गुलाबी वाइन मागवली. एक पेला, तिघांत. रंग थेट कोकम सरबताचा. सौ.नं एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि त्या भारदस्त गृहस्थांना मराठीतच सांगितलं, “बरी आहे. वेलची हवी होती.”

त्यांनी आदरानं मान लववली.