कुष्ठरोग, विकलांगता आणि जीवन-गुणवत्ता : मोजमापाचा इतिहास
(कोल्हापूर व पश्चिम महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दीर्घकाळ चालणाऱ्या उष्णकटिबंधीय रोगांमध्ये कुष्ठरोगाचे स्थान वेगळे आहे. हा रोग सहसा माणसाचा जीव घेत नाही. त्यामुळे मृत्यूच्या कोष्टकांत तो जवळजवळ दिसत नाही. तो मज्जातंतूंवर आघात करतो, हातापायांची संवेदना हरण करतो, बोटे वाकवतो, पापणी मिटू देत नाही. औषधाने जंतू नष्ट होतात, परंतु दीर्घकाळ गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने ज्या दिवशी रोग संपतो, त्यानंतरही रोग्याला त्याच हातांनी व त्याच गावात पुढील तीस-चाळीस वर्षे काढावयाची असतात. या तीस-चाळीस वर्षांचे माप कोणी व कसे घेतले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कोल्हापूर व आसपासचा प्रदेश या अभ्यासासाठी सोयीचा आहे. कोल्हापूर हे १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होते आणि त्याला सातारा व बेळगाव हे ब्रिटिश जिल्हे लागून होते. मिरजेस 'द लेप्रसी मिशन'चे रिचर्डसन रुग्णालय आहे, तर कोल्हापूर शहरालगतच्या शेंडा पार्क परिसरातील कुष्ठधाम स्थानिकांस परिचित आहे. या परिसरात रोगी नेहमीच होते, पण त्यांच्याविषयी विचारला जाणारा प्रश्न दर पिढीत बदलत गेला.

शब्द आणि शिरगणती

ब्रिटिश अमदानीत १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग अशी चार 'व्यंगे' नोंदविली जात. कोल्हापूर संस्थानाचे आकडेही मुंबई इलाख्याच्या अहवालांतून प्रसिद्ध होत. गणना करणारा वैद्य नसे. गावातील लिहिता-वाचता येणारा कोणीही इसम असे. त्याला सूचना एवढीच की, अंग झडणारा रोग तेवढा लिहावा, पांढरे डाग असणाऱ्यास लिहू नये.

सूचना कागदावर सोपी होती. मराठीत मात्र या रोगाला एक नाव कधीच नव्हते. रक्तपिती, महारोग, कुष्ठ आणि कोड या शब्दांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. 'कोड' म्हणजे त्वचेचा रंग जाणे. त्यात संवेदना जात नाही, संसर्ग होत नाही. तरी 'पांढरे कुष्ठ' हा शब्द लोकव्यवहारात होताच. उलट, कुष्ठरोगाच्या आरंभी येणारा फिकट, बधिर चट्टा कोड समजून सोडून दिला जाणे सहज शक्य होते. स्त्रियांच्या बाबतीत घरातील माणसेच रोग लपवीत आणि स्त्री-रोग्यांची संख्या कमी भरते हे जनगणना अधिकाऱ्यांनीही मान्य केले होते. हे आकडे रोगाचे म्हणून वाचण्यापेक्षा, रोग किती लपवता येत होता याचे म्हणून वाचणे अधिक फलदायी ठरते.

याच काळात साताऱ्यास सिव्हिल सर्जन असलेल्या (१८६३–१८७२) हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांचा उल्लेख आवश्यक आहे. 'ग्रेज अ‍ॅनाटमी' या प्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर. त्यांनी मुंबई इलाख्यातील कुष्ठरोगाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १८७३ मध्ये ते नॉर्वेस गेले. त्याच वर्षी तेथे आर्मावर हान्सेन यांना या रोगाचा जंतू आढळला होता. नॉर्वेत १८५६ पासून कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जात होती. ती व्यवस्था कार्टर यांना अनुकरणीय वाटली. रोग्यांची नावनिशीवार नोंद आणि त्यांच्यासाठी वेगळी आश्रयस्थाने यांची शिफारस त्यांनी हिंदुस्थानासाठी केली. नोंद आणि विलगीकरण हे दोन विचार येथे जोडीने आले, आणि पुढे बराच काळ जोडीनेच राहिले.

कायद्याने मोजलेला रोगी

मुंबईत १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास निराधार महारोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. (मराठी वाचकांस हे अ‍ॅकवर्थ पोवाड्यांचे संग्राहक म्हणून अधिक ठाऊक आहेत.) त्यानंतर १८९८ चा महारोगी कायदा आला. त्यात 'महारोगी' कोणास म्हणावे याची व्याख्या केली होती : ज्याच्या अंगावर व्रण पडण्यास आरंभ झाला आहे तो. ज्यास पकडून आश्रमात धाडता येईल असा 'कंगाल महारोगी' म्हणजे उघड्यावर भीक मागणारा, जखमा दाखविणारा किंवा निर्वाहाचे दृश्य साधन नसलेला. व्रणाची अट १९२० च्या दुरुस्तीने गेली. कायदा मात्र २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला.

ही व्याख्या म्हणजे एक मोजपट्टीच होती. तिची एक बाजू जखम व दुसरी बाजू दारिद्र्य. घरात राहून दोन वेळ जेवणारा रोगी, त्याची बोटे झडली असली तरी, कायद्याच्या दृष्टीस पडत नसे. शिवाय हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानी हद्दीत तो आपोआप लागू होत नसे.

विसाव्या शतकात विदर्भात वेगळी दृष्टी पुढे आली. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे व बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात उभारलेल्या कामात रोग्याची श्रमशक्ती केंद्रस्थानी होती. माणूस काय करू शकत नाही यापेक्षा काय पिकवू व विणू शकतो, हे तेथे पाहिले गेले. १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली पाहणी, शिक्षण व उपचार यांची सांगड घालून घरोघर तपासणीची पद्धत रूढ केली.

श्रेणी, अंश आणि गुऱ्हाळ

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० मध्ये कुष्ठजन्य विकलांगतेची श्रेणी प्रथम मांडली, १९७० मध्ये ती बदलली आणि १९८८ मध्ये तीन पायऱ्यांवर आणली. हात व पाय यांची संवेदना शाबूत असेल तर शून्य. संवेदना गेली पण डोळ्यांस दिसेल असे व्यंग नाही, तर एक. व्यंग किंवा जखम दिसते, तर दोन. डोळ्यांसाठी दृष्टी व तिची हानी यांवर अशीच प्रतवारी होती. दोन्ही डोळे, हात व पाय यांचे गुण वेगवेगळे मांडून बेरीज केली असता शून्य ते बारा असा अंक येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यालाही करता येईल अशी ही साधी व उपयुक्त पद्धत आहे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ती शरीर मोजते. शरीराने करावयाचे काम मोजत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळाचे उदाहरण घेता येईल. चुलवाणाशी जाळ घालणारा किंवा उकळत्या काहिलीजवळ वावरणारा मजूर पहिल्या श्रेणीचा असेल, म्हणजे त्याचे हात दिसावयास धडधाकट असतील, तर त्यास खरा धोका त्याच धडधाकटपणात आहे. चटका बसल्याचे त्यास कळत नाही. फोड येतो, तो चिघळतो, आणि कालांतराने तो दुसऱ्या श्रेणीत जातो. तीच पहिली श्रेणी एखाद्या कारकुनाच्या हाती असेल तर वर्षानुवर्षे काहीही न बिघडता राहू शकते. चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवणारी गृहिणी, कोयता घट्ट धरणारा ऊसतोड कामगार आणि अनवाणी चिखलणी करणारा शेतकरी यांच्या कागदावर एकच अंक पडतो.

उलट्या बाजूनेही असेच घडते. शस्त्रक्रियेने वाकलेली बोटे सरळ झाली तरी त्यांची संवेदना येत नाही. पण त्या माणसास पंक्तीत बसून चारचौघांत जेवता येते. हा फरक बारा गुणांच्या बेरजेत कोठेही मावत नाही.

'निर्मूलना'चे अंकगणित

बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ मध्ये झाली आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्याचे यश मोठे आहे. देशातील रोगप्रमाण १९८१ मध्ये दर दहा हजारांस ५७.६ होते; डिसेंबर २००५ मध्ये ते ०.९५ वर आले आणि दर दहा हजारांस एकाहून कमी हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठले गेले.

तथापि हा अंक ज्यांचे औषध चालू आहे त्यांचाच असतो. औषधाचा कोर्स पूर्ण होताच नाव यादीतून कमी होते. अधिक जंतू असलेल्या रोग्यांचा कोर्स चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणला गेला, तेव्हा एकाही माणसाला कमी रोग न होता यादी आखूड झाली. यात लबाडी नव्हती. संसर्ग रोखण्यासाठी हेच माप योग्य होते. मात्र 'रोगमुक्त' म्हणून नाव कमी झालेला, दोन्ही पाय बधिर असलेला मनुष्य त्यानंतर कोणत्याच वहीत उरला नाही. २०११ ते २०१५ च्या जागतिक धोरणात नव्या रोग्यांतील दुसऱ्या श्रेणीच्या विकलांगतेचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आले, तेही नव्या रोग्यांपुरतेच. जुन्या रोग्यांसाठी १९९५ च्या व नंतर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात 'कुष्ठमुक्त' असा प्रवर्ग आहे. पण त्याचे बहुतेक लाभ चाळीस टक्के विकलांगतेच्या दाखल्यावर अवलंबून आहेत, आणि टक्केवारी पुन्हा शरीराचीच.

मुंबईतील एक अभ्यास

रोग्यास स्वतःस काय वाटते, हे पद्धतशीरपणे विचारणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मिचेल वाइस व डॉ. डी. आर. दुंगाजी आदी संशोधकांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्णांच्या मुलाखतींसाठी एक प्रश्नसंच तयार केला. तो १९९२ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोग कशाने झाला असे वाटते, कोणापासून लपविला, लग्नकार्यावर काय परिणाम होईल, असे प्रश्न रोग्याच्या कथनासह नोंदविण्याची सोय त्यात होती. 'एमिक' या नावाने हा प्रश्नसंच पुढे जगभर, अन्य रोगांसाठीही वापरला गेला.

अभ्यासातील आकडे बोलके आहेत. नुकतेच निदान झालेल्या ५६ कुष्ठरोग्यांपैकी ५० टक्के, कोड असलेल्या १९ जणांपैकी ३७ टक्के आणि शिबे असलेल्या १२ जणांपैकी अवघ्या ८ टक्के व्यक्तींत नैराश्य, चिंता वा तत्सम मानसिक विकार आढळले. संख्या लहान आहेत, म्हणून त्यांवर फार भार देता येणार नाही. तरीही जनगणनेने 'पांढरे डाग लिहू नका' म्हणून ज्यांना बाजूस काढले, त्या कोडाच्या रोग्यांची मनःस्थिती शिब्याच्या रोग्यांपेक्षा कुष्ठरोग्यांच्याच जवळची निघाली. वैद्यकाची सीमारेषा बरोबर होती, परंतु समाज त्या रेषेने चालत नव्हता. दुसरा निष्कर्षही विचार करावयास लावणारा आहे : रोगाचे कारण शरीरातील दोष-विकार आहे असे पारंपरिक पद्धतीने मानणारे रोगी दवाखान्यात अधिक नियमित येत. आरोग्यशिक्षणात अशा समजुतींना सरसकट अडाणीपणा ठरविण्याची जी सवय आहे, ती या निष्कर्षाच्या प्रकाशात तपासून पाहणे इष्ट.

नवी साधने आणि मराठी माणूस

यानंतरची साधने विपुल आहेत. त्वचारोगांसाठी १९९४ चा दहा प्रश्नांचा निर्देशांक, जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक, मानसिक, सामाजिक व परिसरविषयक अशा चार अंगांची सव्वीस प्रश्नांची जीवन-गुणवत्ता प्रश्नावली, २००६ ची अठरा प्रश्नांची सहभाग मोजपट्टी आणि २००७ ची, दैनंदिन कामे व सुरक्षिततेचे भान तपासणारी 'साल्सा' मोजपट्टी. यांपैकी सहभाग मोजपट्टीच्या जडणघडणीत नेपाळ व ब्राझील यांच्याबरोबर भारतातील रोग्यांचाही वाटा आहे.

साधने चांगली असली तरी आकड्याचा अर्थ सरळ लागत नाही. बधिर पायासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल दिली जाते. कोल्हापुरी चप्पल कडक तळाची व अंगठ्याची, म्हणून बधिर पायास घातक. हे शास्त्र निर्विवाद आहे. पण रबराची ती विशिष्ट चप्पल पाहताच गावास रोग कळतो. ती घातली तर जखम टळते, पण बाजारात जाणे कमी होते. न घातली तर बाजार होतो आणि पाय जातो. एकाच चपलेने 'साल्सा'चा गुण सुधारतो आणि सहभागाचा बिघडतो. अशा रोग्याने चप्पल कोपऱ्यात ठेवली तर त्यास निष्काळजी म्हणण्यापूर्वी दोन्ही गुण शेजारी मांडून पाहावयास हवेत.

विवाहाचा प्रश्न याहून बिकट. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते आणि ते २०१९ मध्ये वगळले गेले. रोग बरा करणारी औषधे आल्यानंतर सदतीसहून अधिक वर्षे हा शब्द कायद्यात टिकला. त्या काळात माहेरी परतलेल्या स्त्रीस 'वैयक्तिक नातेसंबंधांबाबत आपण किती समाधानी आहात' असा अनुवादित प्रश्न विचारणे औपचारिकदृष्ट्या शुद्ध असेल; उत्तराचा अंक मात्र कशाचा, हे सांगणे कठीण.

सहभाग मोजपट्टीतील मूळ अडचणही येथेच आहे. रोग्याने स्वतःची तुलना 'आपल्यासारख्या' व्यक्तीशी करावी असे ती सांगते, म्हणजे रोग सोडून बाकी सर्व बाबतींत समान असलेल्या व्यक्तीशी. कुष्ठधामात चाळीस वर्षे काढलेल्या वृद्धाने ही तुलना कोणाशी करावयाची? शेजारच्या खोलीतल्या रहिवाशाशी केली तर त्यास काहीच उणे नाही : तो सणवार करतो, पंचायतीत बोलतो, नातवंडांच्या लग्नात मिरवतो. मूळ गावी राहिलेल्या, घर-शेतीत वाटा मिळालेल्या सख्ख्या भावाशी केली तर जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उलटते. मुलाखतकाराने प्रश्न वाचण्यापूर्वी हे ठरवून घेतले नाही, तर त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे दोन गुण निघतात, आणि दोन्ही खरे असतात.