उंदराची साक्ष व सशाची साक्ष

मनुष्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल नांवाचा मेणासारखा पदार्थ असतो. त्याची पहिली ओळख मात्र पित्ताशयांतील खड्यांत झाली. आणि १९ व्या शतकाच्या आरंभीं शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें पित्त व घट्ट या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याचें नामकरण केलें. हा पदार्थ मूळचा शत्रु नव्हे. पेशींचीं आवरणें व पाचक पित्ताम्लें यांना त्याची गरज असते. म्हणूनच यकृत तो स्वतः तयार करतें. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. परंतु हें प्रमाण सुटलें असतां धमन्यांची हानि होते, ही गोष्ट पटण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें; व त्या विलंबास उंदराची साक्ष पुष्कळ अंशीं कारण झाली.

१९०८ सालीं रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें इग्नाटोव्हस्की यानें सशांना मांस, दूध व अंडीं चारलीं, तेव्हां त्यांच्या धमन्या जाड झाल्या. दोष प्राणिज प्रथिनांचा असावा, असें त्याचें मत पडलें. त्याच नगरांतील निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण वैद्यानें सहकाऱ्यासह हें मत कसोटीस लावलें. शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून त्यानें कांहीं सशांना दिलें, व कांहींना नुसतें तेल दिलें. पहिल्यांच्या महाधमनींत मेदाचे थर सांचले. दुसऱ्यांच्या सांचले नाहींत. हा वृत्तान्त १९१३ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें इतरांनीं हाच प्रयोग उंदीर व कुत्रा यांजवर केला, आणि कांहींच घडलें नाहीं! हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलाचें पित्ताम्लांत झपाट्यानें रूपांतर करतात, त्यामुळें त्यांच्या रक्तांत तें फारसें वाढत नाहीं. परंतु विद्वानांनीं निष्कर्ष काढला तो असा कीं, ससा हा शाकाहारी प्राणी, त्याची साक्ष मनुष्याला लागू नाहीं. शिवाय धमन्या कठीण होणें हा वार्धक्याचा धर्मच, अशी समजूत रूढ होती. अनिच्कोव्हचें काम मागें पडलें.

१९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी करण्याचें कार्य सुरू झालें. या वेळीं साक्षीदार मनुष्यच होता. १९६१ पर्यंत स्पष्ट झालें कीं, ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक, त्यांना हृदयविकाराचा धोकाही अधिक. ससा खोटें बोलला नव्हता.

आतां उपाय हवा होता. जपानांत अकिरा एंडो यानें सुमारें ६,००० बुरशींची परीक्षा करून १९७३ सालीं यकृतांतील कोलेस्टेरॉलची निर्मिति रोखणारें द्रव्य मिळविलें. तें उंदरांना दिलें, तों पुन्हां परिणाम शून्य! तें द्रव्य टाकून देण्याची पाळी आली. परंतु एंडोनें अंडीं देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, व त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल खालीं आलें. याच जातीचें पहिलें औषध अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपांतील ४,४४४ हृदयरोग्यांच्या परीक्षेंत, अशा औषधानें मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटल्याचें सिद्ध झालें. एकाच प्राण्यानें दोनदां दिशाभूल केली. आणि दोन्ही वेळां, दुसरा साक्षीदार बोलावणाऱ्यानेंच सत्य गांठलें.

सशाची साक्षही जशीच्या तशी घेऊन चालत नाहीं. मनुष्याच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढविण्यांत अन्नांतील कोलेस्टेरॉलापेक्षां तूप, लोणी, मांसांतील चरबी व वनस्पति तूप यांतील मेदांचा वांटा मोठा असतो. म्हणून हे पदार्थ बेतानें घ्यावे. डाळी, भाज्या व फळें यांस ताटांत मोठी जागा द्यावी. रोज चालावें, व तंबाखू वर्ज्य करावी. धमन्यांस बाधणारा जो एल.डी.एल. नांवाचा अंश, तो दर १०० मिलिलिटर रक्तांत १०० मिलिग्रॅमच्या आंत असणें सामान्यतः बरें; ज्यांना एकदां झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठीं वैद्य ही मर्यादा ७० च्याही खालीं नेतात. कित्येकांस हा दोष जन्मतःच वारशानें येतो. अशांना केवळ पथ्य पुरत नाहीं, औषध लागतें, व तें आपल्या मतानें बंद करूं नये.

कोलेस्टेरॉल वाढतांना दुखत नाहीं कीं खुपत नाहीं. अंग ठणठणीत आहे, ही आपल्या देहाची साक्षही उंदराच्या साक्षीसारखीच फसवी ठरूं शकते. रक्ताची तपासणी हाच येथें विश्वासाचा साक्षीदार होय.