दिनविशेष : १ जुलै २०२२ – ‘मिनियन्स : द राइज ऑफ ग्रू’ प्रदर्शित

करोनाच्या साथीमुळे सुमारे दोन वर्षे लांबणीवर पडलेला ‘मिनियन्स : द राइज ऑफ ग्रू’ हा अ‍ॅनिमेशनपट १ जुलै २०२२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. काइल बाल्डा दिग्दर्शित हा चित्रपट पूर्वकथापट, म्हणजे आधीच गाजलेल्या कथेच्या मागील काळात घडणारा आहे. त्यात १९७६ साली जेमतेम बारा वर्षांचा ग्रू खलनायकांच्या टोळीत शिरू पाहतो, हेटाळणी झाल्यावर त्यांचाच मौल्यवान खडा पळवतो आणि तो खडा सांभाळायला दिलेला ऑटो हा मिनियन, म्हणजे ग्रूचा चिमुकला मदतनीस, त्याच्या बदल्यात डोळे चिकटवलेला साधा दगड घेऊन येतो. खलनायक होऊ पाहणाऱ्या मुलाचे एकटेपण या एका प्रसंगात उत्तम उतरले आहे.

अ‍ॅनिमेशन, म्हणजे किंचित बदलत जाणाऱ्या चित्रांतून हालचालीचा भास निर्माण करणारी कला, महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, तर ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेसाठी रघुनाथ केळकर यांनी १९३४ साली ‘जंबूकाका’ साकारला. ही कला मुलांना समजावी म्हणून शिक्षकांनी वहीच्या कोपऱ्यात क्रमाने चित्रे काढून पाने भराभर उलटण्याचा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा.