दिघी ते सिलिकॉन चिप : बिनतारी प्रेषण-ग्रहणातील अंतराचा इतिहास

प्रस्तावना :
पुणे-नाशिक मार्गावरील कुरुळी-चाकण परिसर वाहन उद्योगासाठी ओळखला जातो. तथापि याच पट्ट्याच्या आसपास बिनतारी संदेशवहनाचे महत्त्वाचे टप्पे घडले आहेत. प्रेषक व ग्राहक यांना परस्परांपासून वेगळे कसे ठेवावे, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अंतर आणि वारंवारता :
१९२७ मध्ये भारत-इंग्लंड ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र खडकीजवळ दिघी येथे, तर ग्रहण केंद्र दूर दौंड येथे होते. प्रेषकाच्या प्रबळ लहरींत परदेशातून येणारा क्षीण संदेश बुडू नये, यासाठी अशी विभागणी उपयुक्त ठरते. पुढे १९७१ मध्ये नारायणगावजवळील आर्वी येथे उपग्रह भू-केंद्र कार्यान्वित झाले. उपग्रह दळणवळणाच्या या पद्धतीत भौगोलिक अंतराची जागा वारंवारतेतील अंतराने घेतली. सुमारे ६ गिगाहर्ट्झवर प्रेषण व ४ गिगाहर्ट्झवर ग्रहण असल्याने एकच अँटेना दोन्ही कामे करू शकली.

चिपवरील पेच :
१९९० मध्ये बर्कले येथील न्गुएन व मेयर यांनी सिलिकॉनवरच वेटोळ्याचे इंडक्टर बनवता येतात हे दाखविले. त्यानंतरच्या दशकात असद अबिदी प्रभृतींच्या संशोधनामुळे स्वस्त सीमॉस तंत्रावर संपूर्ण ट्रान्सिव्हर आणणे शक्य झाले. येथे दिघी व दौंड काही मिलिमीटरवर, एकाच सबस्ट्रेटवर आले. प्रवर्धकाचा प्रबळ संकेत सबस्ट्रेटमधून झिरपून स्थानिक ऑसिलेटरला स्वतःच्या वारंवारतेकडे ओढतो. म्हणून ऑसिलेटर अनेकदा दुप्पट वारंवारतेवर चालवून ती निम्मी केली जाते. त्याचबरोबर डिफरन्शिअल रचना व संरक्षक कडी वापरतात.

निष्कर्ष :
अंतर, वारंवारता आणि मंडलरचना ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे होत. प्रश्न मात्र संपलेला नाही. २००१ मध्ये राष्ट्रार्पण झालेली खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अत्यंत क्षीण खगोलीय लहरी टिपते. परिसरातील प्रत्येक भ्रमणध्वनी व बिनतारी उपकरण तिच्यासाठी संभाव्य प्रेषकच आहे. त्यामुळे ट्रान्सिव्हर मंडलाच्या अध्यापनात केवळ ठोकळाकृती पुरेशी नाही. दिघी, आर्वी व खोडद ही स्थळे अभ्यासक्रमात आल्यास गळतीचा संकेत आवरणे ही शेजारधर्माचीही बाब आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.