फुलाऱ्याची मिळकत

भाद्रपद सरता सरता बेज्जूरच्या आसमंतातील स्त्रिया तरवडाची पिवळी फुले वेचून आणतात व बतुकम्मा रचतात. त्या फुलांचे मोल कोणी मागत नाही. पेशव्यांच्या पुण्यात मात्र फुलांनीच एका कुटुंबाला आडनाव दिले, जमीन दिली आणि त्या जमिनीपायी भावाभावांत अंतरही पाडले.

सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे हे माळी कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले व पुढे पुण्यास स्थिरावले. शेटिबांचे पुत्र राणोजी, कृष्णा व गोविंद हे फुलाऱ्याच्या धंद्यात निष्णात झाले. त्यांनी गुंफलेल्या फुलांच्या गाद्या व पोशाख पेशव्यांच्या वाड्यात जाऊ लागले. धंद्यावरून गोऱ्ह्यांचे फुले झाले आणि पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. परंतु राणोजींनी ती सर्व आपल्याकडे घेतली. धाकट्या भावांच्या हाती काही उरले नाही. गोविंदराव फुले व भाजीपाला विकून संसार चालवू लागले. १८२७ साली जन्मलेले महात्मा जोतीराव हे त्यांचेच पुत्र.

१८४९ साली शिक्षणकार्यापायी जोतीराव व सावित्रीबाई यांना पित्याचे घर सोडावे लागले. वडिलोपार्जित मिळकतीच्या बाबतीत असा दोनदा घाव बसलेल्या या घराण्यातील पुरुषाने आपल्या गंज पेठेतील घराचे काय केले? १८६८ साली त्याने घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला! १८९० साली तेथेच त्यांचे निधन झाले, व त्यांच्या अस्थी घरामागील जागेत ठेवण्यात आल्या.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात गेल्या. दत्तकपुत्र डॉक्टर यशवंत यांच्या पश्चात कुटुंबावर दारिद्र्य ओढवले आणि घर परक्या हाती गेले. कालांतराने शासनाने त्याच वास्तूचे स्मारक केले. आज ती 'समताभूमी' म्हणून ओळखली जाते. आता हा फुलेवाडा जवळच्या सावित्रीबाई स्मारकाशी जोडून त्याचा विस्तार करावयाची योजना आहे. त्यासाठी मधल्या वस्तीतील घरांची जागा संपादन करावी लागते.

विस्तार अवश्य व्हावा. तथापि ज्याच्या पित्याचा वाटा बुडाला, आणि ज्याला स्वतःला घराबाहेर पडावे लागले, त्याच्या स्मारकासाठी कोणी शेजारी योग्य मोबदल्यावाचून बेघर होऊ नये. हौद सर्वांना मोकळा करणाऱ्या त्या गृहस्थाला एवढे तरी आपण देणे लागतो.